मी वाचलेले अकरा नंबर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, मुलीला नाही. रविवारी बुद्धविहारात डोळे मिटून बसते तेव्हा स्वतःलासुद्धा पूर्ण सांगत नाही — अर्ध्यावर येते आणि मग कुकरची शिट्टी किती वेळा झाली होती असलं काहीतरी आठवायला लागते. आज कागदावर लिहितेय. हा कागद कुणाला दाखवायचा नाही. तरी लिहिताना समोर कुणीतरी बसलंय असं वाटतं. तुम्हीच असाल. बसा.

मी चौथी शिकले. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, तिथली शाळा तेवढीच होती. वाचायची सवय मात्र सुटली नाही; हातात येईल ते मराठी मी वाचते. बोलायचं तेवढं जमत नाही. लग्न होऊन दिल्लीला आले — हे एका सरकारी कार्यालयात शिपाई आहेत — आणि मयूर विहारच्या मागे चिल्ला गावात आमच्या दोन खोल्या. घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि मी दोन्हीकडे गप्प. भाजीवाल्याला ‘भैया, आधा किलो’ म्हणायचं तरी आधी मनात दोनदा म्हणून बघायची.

अशा बाईला आवाज कुणी दिला, ते आधी सांगते. प्रमिलाताईंनी.

ताई नागपूरच्या. त्यांचे यजमान एका केंद्रीय मंत्रालयात कारकून, मयूर विहारच्याच एका सोसायटीत स्वतःचा फ्लॅट. त्यांची माझी ओळख विहारातली. बारावी झालेल्या, आणि टायपिंगच्या दोन परीक्षा दिलेल्या — मराठीची तीसची, इंग्रजीची चाळीसची. बोटांकडे न बघता टाईप करायच्या. आमच्याशी बोलतानाही मांडीवर त्यांची बोटं हलायची. आपण बोलतोय ते त्या मांडीवर टाईप करतायत असं वाटायचं. जानेवारीत आपली मराठी मंडळी पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकाला जातात, त्या बसची यादी ताईच करायच्या. नावं, फोन, कुठल्या स्टॉपवर कोण चढणार. त्यांच्या यादीत चूक नसायचीच. ‘प्रमिलानं लिहिलंय ना, मग झालं,’ असं म्हातारी माणसंसुद्धा म्हणायची.

ताईंना नोएडात काम लागलं होतं आणि त्यांना टेबलावर एक जोडीदार हवी होती. त्या आमच्या घरी आल्या आणि ह्यांच्यासमोरच म्हणाल्या, “शोभाला पाठवा माझ्याबरोबर. घरात बसून तिचा आवाज गंजलाय.”

“मला इंग्रजी येत नाही हो, ताई.”

“सव्वीस अक्षरं कुणाला हवीत? सहाच लागतात. ए, बी, सी, डी, ई, एफ. सहा जावा आहेत असं समज. सातवी त्या घरात नांदायला आलीच नाही.”

हे हसले. मीही हसले. सहा जावा दोन दिवसांत पाठ झाल्या.

काम काय होतं ते सांगते. घराघरांत वाय-फायचा डबा असतो ना, ज्याला राउटर म्हणतात? लोक घर बदलतात, जोडणी बंद करतात, तेव्हा कंपनी तो डबा परत नेते. आमच्याकडे असे जुने डबे खोक्यांतून यायचे. पुसून, तपासून, दुसऱ्या घरी जायचे. प्रत्येक डब्याच्या पोटाखाली पांढरा स्टिकर, त्यावर आकडे आणि त्या सहा जावा मिळून बारा अक्षरांचा एक नंबर. सगळे त्याला मॅक नंबर म्हणायचे. मी तो मोठ्याने वाचायचा, ताईंनी कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात टाकायचा. मग मशीनमधून त्याच नंबराचा नवा स्टिकर निघायचा. मी थिनर लावून जुना सोलून काढायचा, डबा पुसायचा, नवा चिकटवायचा. नियम एकच होता — आधी वाचायचं, मग पुसायचं.

पहिल्याच आठवड्यात ताईंनी मला समजावलं होतं. “नावाच्या दोन शोभा असतील गं, पण हा नंबर जगात एकाच डब्याचा. पत्ताच तो त्याचा. दोघांचा पत्ता एक झाला तर निरोप कुणाच्या दारात टाकायचा?” म्हणून तक्ता एक नंबर दोनदा घ्यायचाच नाही. दुसऱ्यांदा टाकला की पडद्यावर लाल पट्टी यायची आणि टुण्ण असा आवाज व्हायचा. सगळी खोली वळून बघायची. सर यायचे — आमचे सुपरवायझर, सोनीपतकडचे, तोंडाने फटकळ. “क्या हुआ मैडम, जुड़वाँ हो गए?” म्हणायचे, म्हणजे जुळी झाली का. बायका हसायच्या.

मला त्या टुण्णची फार भीती वाटायची. आणि — खरं सांगते — आमच्या टेबलावर तो होत नाही याचा गर्व वाटायचा. मी वाचायला लागले की आवाज घुमायचा. ‘फोर, सी, डबल टू, ए, नाइन...’ आयुष्यात पहिल्यांदा मी काही बोलत होते आणि कुणीतरी ते जसंच्या तसं लिहून घेत होतं. सर दुसऱ्या टेबलांना सांगायचे, “मराठी मैडम लोगों से सीखो.” मी मान खाली घालायची, पण आतून फुलायची. ते ऐकायला मी सकाळी लवकर निघायची. मला कळत होतं का, की हे सुख जरा जास्तच आवडायला लागलंय? होतं कळत.

लवकर पोचायची, आणि ताई येईपर्यंत नुसती बसायची नाही. डबे पुसून ठेवायची. कुणाला आपल्यासाठी थांबावं लागलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं, म्हणून काम आधीच उरकून ठेवायची सवय. स्टिकर सोडून बाकीचा डबा पुसायची. आधी वाचायचं, मग पुसायचं — हा नियम मला पाठ होता. मी तो उलटा केला होता आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

एका सकाळी एका डब्यावर थिनर जास्त सांडलं. ओघळ पोटाखाली गेला. उलटा करून बघते तर पांढऱ्या स्टिकरवर निळसर डाग फक्त. नंबर नाही. आठ डबे पुसले होते, त्यांतल्या एकाचं असं झालं.

तेव्हा काय करायचं होतं? सरांना हाक मारायची. डबा विजेला लावला की त्याचा नंबर आतून पडद्यावर दिसतो, पाच मिनिटांचं काम. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं लिहून मी सुटू शकले असते, पण होतं. दुसऱ्या एका बाईकडून तसं झालं होतं तेव्हा मी पाहिलं होतं. सर तिला म्हणाले होते, “डिब्बे को नहला दिया आपने तो.” महिनाभर सगळ्या तिला ‘नहलानेवाली’ म्हणत होत्या. बाकी काही झालं नव्हतं. एवढंच.

एवढ्याला मी घाबरले.

मी तो डागाळलेला स्टिकर नखाने खरवडून काढला. ताई आल्या, पर्स अडकवली, “चल, सुरू,” म्हणाल्या. मी आधीचा डबा वाचला. मग तो हातात घेतला, उलटा धरला, जणू काही वाचतेय अशी मान वाकवली — आणि आधीच्याच डब्याचा नंबर पुन्हा म्हटला, फक्त शेवटचं अक्षर एक पुढचं. पाच होता, सहा म्हटला. सगळा नवा नंबर रचायची हिंमत नव्हती. एकच अक्षर बदलायची होती.

ताईंनी टाईप केलं. मी टुण्णची वाट बघत होते. झाला नाही. तक्त्याने नंबर घेतला. मशीनने नवा स्टिकर छापला आणि मी तो माझ्या हाताने त्या डब्यावर चिकटवला.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली आणि ती कळायला नको होती. तो तक्ता एवढंच बघतो की हा नंबर आधी आलाय का. खरा आहे का, ते बघत नाही.

तुम्ही म्हणाल, भीती वाटली, एकदा झालं. एकदा नाही झालं. पुसायची घाई मी सोडली नाही, कारण आता घाईला उपाय सापडला होता. तीन-साडेतीन महिन्यांत अकरा वेळा. बी असेल तर सी. आठ असेल तर नऊ. आवाज जराही हलायचा नाही माझा — भाजीवाल्यासमोर अडखळणारी मी, खोटा नंबर घडाघडा म्हणायची.

डब्यांचे नंबर कारखान्यातून ओळीने येतात हे मला माहीत नव्हतं. एका खोक्यातले डबे एकाच वस्तीत वाटले जातात आणि बरेचदा परतही मागेपुढेच येतात. म्हणजे मी शेवटचं अक्षर एकने वाढवून जो नंबर म्हणायची, त्या नंबराचा खरा डबा कुठेतरी जवळच, कुणाच्या तरी भिंतीवर दिवे लावून बसलेला असायचा. मी त्याचा पत्ता दुसऱ्याला देऊन टाकायची.

तसा एक खरा डबा परत आला. आमच्याच टेबलावर. मी वाचला, ताईंनी टाकला, आणि लाल पट्टी आली. टुण्ण.

ताई म्हणाल्या, “परत वाच गं.” मी परत वाचला. परत टुण्ण. या वेळी मी अगदी खरं वाचत होते.

सर आले. तक्त्यात बघून त्यांनी रॅकवरून त्याच नंबराचा दुसरा डबा शोधून आणला आणि दोन्ही शेजारी ठेवले. “लो जी. जुड़वाँ.” बायका हसल्या. पण सर हसले नाहीत. त्यांनी आमचा छापील स्टिकर लावलेला डबा विजेला लावला. पडद्यावर त्याचा आतला नंबर आला आणि तो अगदी वेगळा होता. मग त्यांनी आमच्या टेबलाचे रॅकवरचे सगळे डबे तपासायला घेतले. जे गिऱ्हाइकांकडे गेले होते त्यांच्या तक्रारी आधीच येऊन पडल्या होत्या — नेट सुरूच होत नाही, कंपनी डब्याला ओळखतच नाही. दुपारपर्यंत अकरा निघाले.

तक्त्यात प्रत्येक ओळीपुढे टाकणाऱ्याचं नाव असतं. अकराही ओळींपुढे प्रमिला.

सरांनी ताईंना पडदा दाखवला. “देखिए. हर बार ऊपरवाली लाइन, बस आख़िरी अक्षर एक आगे. उँगली फिसल रही है आपकी. नींद में टाइप करती हैं क्या?”

ताईंचा चेहरा मी त्याआधी तसा कधी पाहिला नव्हता. त्या म्हणाल्या, “सर, मैं जो सुनती हूँ वही डालती हूँ.”

तेव्हा सर माझ्याकडे वळले. सगळी खोली वळली. आणि मी तोंड उघडायच्या आत सरच म्हणाले, “ये क्या बनाएगी नंबर? चौथी पास है बेचारी.”

आणि ताई — हे लिहिताना हात थांबतोय — ताई म्हणाल्या, “नाही नाही, तिला काही विचारू नका. तिला सहा अक्षरं येतात फक्त. ती दिसेल तेच वाचते.” गडबडीत त्या सरांशी मराठीत बोलल्या. मग तेच हिंदीत परत सांगितलं.

सर मला म्हणाले, “सही पढ़ा था ना?”

मी म्हटलं, “जी. जो लिखा था वही पढ़ा.”

सहा शब्द. त्या नोकरीत सरांशी बोललेलं माझं सगळ्यात लांब वाक्य असेल ते.

चौथी पास असण्याची मला जन्मभर लाज वाटत आली. त्या दिवशी मी त्याच्या आड लपले, पदराआड लपावं तशी. बरं वाटलं मला. हेही लिहायला हवं — त्या क्षणी वाईट नाही, बरं वाटलं.

ताईंना सोमवारपासून येऊ नका असं सांगितलं. मेट्रोत आम्ही शेजारी बसून आलो. सेक्टर सोळा ते मयूर विहार, तो वेळ केवढासा! पण सांगायला पुरेसा होता. ताई आपली बोटं बघत होत्या, उलटीसुलटी करून. म्हणाल्या, “एकदा-दोनदा समजू शकते गं. अकरा वेळा? आणि मला कळलंसुद्धा नाही?” मी खिडकीबाहेर बघितलं. त्यांना वाटलं मला रडू येतंय. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

काम गेल्याचं ताईंना फार नव्हतं. घर चालत होतं. गेलं ते वेगळंच. आधी त्यांनी डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाला, तुमच्या वयाला उत्तम नजर आहे. मग त्यांना वाटलं, म्हणजे डोक्यातच काहीतरी झालंय. त्यांची आई म्हातारपणी माणसं विसरायला लागली होती. ते आपल्याला आत्ताच सुरू झालंय असं त्यांनी मनात घेतलं. त्या गॅस बंद केलाय का ते तीनदा बघायला लागल्या. कुलूप लावून जिना उतरायच्या आणि पुन्हा चढून जायच्या. फोनवर नंबर लावताना एकेक आकडा तोंडाने म्हणायच्या. काला अंबच्या बसची यादी त्या वर्षी त्यांनी केली नाही. “माझ्यावर नका सोपवू. कुणाचं तरी नाव माझ्या हातून राहील आणि तो माणूस स्टॉपवर उभा राहील,” म्हणाल्या. कुणी फार आग्रहही केला नाही. नोएडातली गोष्ट तोवर सगळ्यांना कळली होती, ताईंनी स्वतःच सांगितली होती. लपवायची सवय त्यांना नाही.

मी त्यानंतर दोन वर्षं त्याच टेबलावर काम केलं. आधी वाचत होते, मग पुसत होते. टुण्ण झाला नाही. मग कंपनी लांब गेली आणि मी सोडलं.

दोन वर्षांत मी कितीदा ठरवलं असेल? ताईंच्या दारापर्यंत कितीतरी वेळा गेले. त्या चहा ठेवायच्या, साखर घातली का हे मला विचारायच्या — स्वतःच्या हाताने घातलेली साखर — आणि मी सांगायची, “घातली, ताई.” तेवढंच सांगून यायची. आपण आता सांगितलं तर यांना धक्का बसेल, असं मी स्वतःला समजवायची. खोटं होतं ते. धक्का तर रोज बसत होता त्यांना, त्या कुलपाशी, त्या गॅसपाशी. मी सांगितलं असतं तर तो थांबला असता. मला फक्त त्यांच्या डोळ्यांतली शोभा जपायची होती.

विहारात आम्ही अजून शेजारी उभ्या असतो. पंचशील म्हणताना चौथं शील येतं, खोटं न बोलण्याचं. तिथे माझा आवाज आपोआप खाली जातो. ताईंना वाटतं मी लाजते. त्या कोपराने ढोसतात आणि हळूच म्हणतात, “मोठ्याने म्हण की.”

गेल्या रविवारी त्यांच्या मुलीला कुठल्याशा कामासाठी मराठीत अर्ज करायचा होता. तिला मराठी टायपिंग येत नाही, इथे वाढलेली मुलगी ती. तिने आईला लॅपटॉप दिला. ताईंनी मला फोन करून बोलावलं. “तू वाच, मी टाईप करते. आणि झालं की तूच तपास हं. तुझं वाचणं पक्कं आहे, माझा भरवसा नाही.”

मी त्यांच्या शेजारी बसले. दहा ओळींचा अर्ज. त्या एका बोटाने टाईप करत होत्या. तीसची आणि चाळीसची परीक्षा दिलेली बाई, एका बोटाने, प्रत्येक अक्षराआधी माझ्याकडे बघत. “‘विनंती’ना? दुसरी वेलांटी ना शेवटी?” मी हो म्हणत होते. मुलगी म्हणाली, “मम्मी, यार, किती स्लो!” ताई हसल्या आणि म्हणाल्या, “हळू झालं तर चालेल, बिल्कुल चूक नको.” तास गेला त्यात. शेवटी त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मी पहिल्या ओळीपासून तपासलं. एकही चूक नव्हती. मी तसं सांगितलं. त्यांना खरं वाटलं नाही. त्यांनी मला दुसऱ्यांदा तपासायला लावलं.

मी दुसऱ्यांदा तपासलं आणि घरी आले. तेव्हाही बोलले नाही.

तिथे जे म्हणायला हवं होतं ते इथे लिहिते. ताईंची नजर चुकली नव्हती. बोट घसरलं नव्हतं. डोक्यातही काही झालेलं नव्हतं. त्या अकरा ओळींतलं प्रत्येक अक्षर त्यांनी बरोबर टाकलं होतं — मी म्हटलं तसंच.